नॅन्सी लिंकन : शेजारणीच्या खाटेपाशी

शास्त्रवाचन : लूक १३:१-५, मत्तय २५:३४-४०, २ तीमथ्य १:३-५



अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांचे नाव आपणांस परिचित आहे. आजच्या पाठाचा विषय मात्र ते नसून त्यांची माता नॅन्सी ही आहे. तिने एकही पत्र मागे ठेवले नाही, रोजनिशी ठेवली नाही. जमिनीच्या एका दस्तऐवजावर सहीच्या जागी तिने केलेली फुली तेवढी आढळते. तिला थोडेफार वाचता येत असे आणि ती मुलांना पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगत असे, असे तिच्या नातलगांनी पुढे सांगितले. अशा स्त्रीच्या विश्वासाचा अभ्यास करायचा, तर तो इतरांच्या आठवणींवरूनच करावा लागतो. युनीके व लोईस यांच्याविषयी तरी पौलाने एका ओळीपेक्षा अधिक कोठे लिहिले आहे?

नॅन्सी हँक्स हिचा जन्म १७८४ साली व्हर्जिनियात झाला. १२ जून १८०६ रोजी केंटकी संस्थानात थॉमस लिंकन या सुताराशी तिचा विवाह झाला. सारा, अब्राहाम व थॉमस ही तिची तीन मुले. पैकी धाकटा तान्हेपणीच दगावला. केंटकीत हे कुटुंब ज्या बाप्टिस्ट मंडळीत जात असे, ती गुलामगिरीच्या विरोधात होती. जमिनीच्या मालकीहक्काचे तंटे हे मुख्य कारण आणि गुलामगिरी हे दुसरे, यांमुळे १८१६ च्या डिसेंबरात त्यांनी ओहायो नदी ओलांडली व इंडियाना येथे लिटल पिजन क्रीक नावाच्या वस्तीत बिऱ्हाड केले. इंडियानाला संस्थानाचा दर्जा मिळाला तोही त्याच महिन्यात. चोहीकडे घनदाट अरण्य, ओंडक्यांची झोपडी, जवळपास डॉक्टर नाही, कायमचा पाळक नाही. पुढच्या वर्षी नॅन्सीला लहानपणी सांभाळणारी मावशी एलिझाबेथ स्पॅरो व तिचे यजमान तेथे राहावयास आले. त्यांच्यासोबत मावसभाऊ डेनिस हँक्स होता. पुढील हकिकत बरीचशी त्याच्याच तोंडची आहे. ती त्याने जवळजवळ पन्नास वर्षांनी सांगितली, हे ध्यानात ठेवून वाचावी.

१८१८ च्या शरद ऋतूत वस्तीत एक भयंकर आजार आला. अशक्तपणा, ओकाऱ्या, जिभेवर दाट थर, श्वासाला विचित्र वास, मग बेशुद्धी आणि मृत्यू. लोक त्याला ‘मिल्क सिकनेस’ म्हणजे दुधाचा आजार म्हणत, कारण दुधाशी त्याचा काही संबंध असावा अशी शंका त्यांना होती. पण दुधात नेमके काय आहे, हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला लागतो की काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रथम स्पॅरो पतिपत्नी गेली. थॉमसने त्यांच्या शवपेट्या केल्या. शेजारच्या पीटर ब्रूनर यांच्या पत्नीने अंथरूण धरले, तेव्हा नॅन्सी तिच्या समाचारास गेली. आता माझे काही खरे नाही, असे ती आजारी बाई म्हणाली. त्यावर, कदाचित तुम्ही माझ्यामागेही राहाल, असे नॅन्सीने उत्तर दिले. ही आठवण ब्रूनर यांच्या मुलाने उतारवयात सांगितली आहे. दोघीही वाचल्या नाहीत. नॅन्सी ५ ऑक्टोबर १८१८ रोजी वारली. वय अवघे चौतीस.

येथे वाचकाने थोडे थांबावे. पुष्कळ भाविक पुस्तकांत असे लिहिले जाते की, शेजारणीची सेवा करता करता तिला तो रोग जडला व तिने आपला प्राण वेचला. हे खरे नाही. व्हाइट स्नेकरूट नावाचे पांढऱ्या फुलांचे एक झुडूप त्या अरण्यात सावलीला वाढते. उन्हाळ्याअखेर गवत आटले की रानात चरणारी जनावरे ते खात, आणि त्याचे विष दुधात व लोण्यात उतरे. दुभती गाय पुष्कळदा वरून धडधाकट दिसे, कारण विष दुधावाटे बाहेर पडत असे. इलिनॉय संस्थानातील अ‍ॅना बिक्सबी या सुईणीला शॉनी जमातीच्या एका वृद्ध स्त्रीने हे झुडूप दाखविले, अशी परंपरा आहे. परंतु शास्त्रज्ञांनी ते विष वेगळे काढून दाखविले ते १९२० च्या दशकात, म्हणजे नॅन्सीच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. ती गेली ती घरच्या दुधाने. जे दूध ती आपल्या मुलांच्या पुढ्यात ठेवी, तेच.

मग तिची ती भेट व्यर्थ होती काय? मला तसे वाटत नाही. रोग स्पर्शाने लागत नाही, हे आज आपण जाणतो. तिला ते माहीत नव्हते. मावशीचा मृत्यू पाहून झाल्यावर ती दुसऱ्या आजारी खाटेपाशी जाऊन बसली, तेव्हा तिच्या लेखी धोका खराच होता. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू आजाऱ्याच्या समाचाराविषयी बोलतो. तेथे आजारी बरा झाला की नाही, किंवा भेटणाऱ्याला काय भोगावे लागले, हे तो विचारीत नाही. नॅन्सीला हुतात्मा ठरविण्याची गरज नाही. ती गेली होती, एवढे पुरे. २०२० व २०२१ साली ज्यांनी आजाऱ्याच्या दारापर्यंत डबा पोहोचविला, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. त्याच घरातील पती वाचला, दोन्ही मुले वाचली, डेनिस वाचला. ती मात्र गेली. असे का? शिलोहाचा बुरूज कोसळून जे मेले, ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे प्रभूने स्वतःच विचारले आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. त्यापुढे कारण मात्र त्याने सांगितले नाही. आपण सांत्वनाला जातो तेव्हा हे कारण पुरविण्याची आपल्याला फार घाई असते.

अखेरच्या घटकेला तिने मुलांना जवळ बोलाविले. वडिलांशी व एकमेकांशी चांगले वागा, देवाची उपासना करा, असे सांगितले, हे डेनिसचे कथन. थॉमसने तिचीही पेटी घरीच केली. तिच्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहामने तासल्या, असे परंपरा सांगते. टेकडीवर तिची माती झाली, तेव्हा पीटर ब्रूनर यांनी थॉमसपुढे हात केला आणि आता आपण भाऊ झालो, असे म्हटले. अंत्योपदेशाला पाळक नव्हता. केंटकीहून डेव्हिड एल्किन नावाचे वडील आले, ते काही महिन्यांनंतर. तोवर अकरा वर्षांची सारा चूल सांभाळू लागली होती. १८१९ च्या डिसेंबरात थॉमसने सारा बुश या विधवेशी विवाह केला, आणि तिने सावत्र मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. लिंकन यांनी मातेविषयी काढलेले कृतज्ञतेचे उद्गार नेमके कोणत्या आईविषयी आहेत, यावर आजही वाद होतो. त्या घराला दोन आया लाभल्या. एकीचा मान काढून दुसरीला देण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

नॅन्सीच्या थडग्यावर साठ वर्षे कायमचा दगड नव्हता. तो १८७९ साली साऊथ बेंड येथील उद्योगपती पीटर स्टूडबेकर यांच्या खर्चाने बसविण्यात आला.

महिला संघात हा पाठ घेणाऱ्या भगिनींना एक सूचना : लूकचा उतारा आधी वाचावा, मत्तयाचा नंतर. उलट क्रमाने वाचल्यास चर्चा सेवेच्या फळावर जाते आणि सभेत बसलेली एखादी विधवा बहीण गप्प राहते. वाचन झाल्यावर, सध्या आपल्या मंडळीत कोण आजारी आहे आणि त्या घरी या आठवड्यात कोण जाणार, हे नावांनिशी ठरवून घ्यावे व मगच प्रार्थना करावी.