विलंबाने प्रकटणारा मनोभिघात : डॉ. मॅकफार्लेन यांचे संशोधन आणि आपला चिकित्साव्यवहार

मनोभिघात हा हेतू आपल्या शास्त्रास नवा नाही. भय आणि शोक यांपासून होणारे अतिसार चरकाचार्यांनी स्वतंत्र सांगितले आहेत, तर सुश्रुताचार्यांनी उन्मादाच्या सहा प्रकारांत मानस दुःखातून उद्भवणारा उन्माद वेगळा मोजला आहे. असे असता निद्रानाशाचा रुग्ण समोर बसला म्हणजे आपण त्याचा कोष्ठ विचारतो, आहारविहार विचारतो. परंतु एखाद्या भयंकर प्रसंगातून तो गेला आहे काय, हे क्वचितच विचारतो. विचारले तरी मागील पंधरवड्यापुरतेच. ही कालमर्यादा किती अपुरी आहे हे ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अलेक्झांडर मॅकफार्लेन यांच्या संशोधनावरून ध्यानी येते. त्याचा परिचय वैद्यबंधूंना करून द्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

16 फेब्रुवारी 1983 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया या दोन राज्यांत एकाच दिवशी भीषण वणवे पेटले. त्यांत 75 माणसे दगावली. त्या दिवशी ‘अॅश वेन्सडे’ हा ख्रिस्ती उपवासपर्वाचा आरंभदिन होता, म्हणून ही आपत्ती त्याच नावाने ओळखली जाते. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे रुग्णाच्या कागदपत्रांवर ‘पीटीएसडी’ या अक्षरांनी दिसणारे निदान, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 1980 साली समाविष्ट होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्यामागे व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांचा अनुभव मुख्य होता. व्याधीचे कारण घटनेच्या भीषणतेतच आहे, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती.

मॅकफार्लेन यांनी वणव्याशी झुंजलेल्या 469 अग्निशामकांची पाहणी केली. आणि ती एकदा नव्हे, तर घटनेनंतर चार, अकरा व एकोणतीस महिन्यांनी केली. आमच्या मते या अभ्यासाचे खरे मोल या तीन तारखांत आहे. कोणी आरंभी व्याकुळ झाला आणि पुढे सावरला. कोणाची पीडा तशीच टिकून राहिली. आणि काही जण पहिल्या तपासणीत स्वस्थ दिसले, ते पुढील तपासणीत व्याधिग्रस्त आढळले. पाहणी चौथ्या महिन्यातच संपली असती, तर हा शेवटचा वर्ग निरोगी म्हणूनच नोंदला गेला असता.

दुसरा निष्कर्ष अधिक विचारप्रवर्तक आहे. कोण आगीच्या किती निकट होता, कोणाचे किती नुकसान झाले, यावरून पुढील विकाराचे भाकीत फारसे साधेना. स्वभावतः चिंताकुल प्रकृती आणि पूर्वी मानसिक विकारासाठी घेतलेले उपचार, या दोन गोष्टी त्याहून अधिक सूचक ठरल्या. दशविध परीक्षेत सत्त्वाचे प्रवर, मध्यम, अवर असे भेद शिकलेल्या वैद्यास यात आश्चर्य वाटणार नाही. तथापि यावरून आपल्या ग्रंथांत हा विकार जसाच्या तसा वर्णिलेला आहे, असा दावा करण्याची घाई कोणी करू नये. साम्य विचाराच्या दिशेत आहे. लक्षणसमुच्चय, कालमर्यादा आणि संख्याशास्त्रीय पुरावा यांत नाही. तसेच अवर सत्त्व म्हणजे दुबळा माणूस, असा अर्थ करून रुग्णासच दोष देणे हे चिकित्सकाचे काम नव्हे.

त्याच वणव्यांच्या प्रदेशातील 808 शाळकरी मुलांचाही त्यांनी अभ्यास केला. आठव्या महिन्यात दिसलेली आघातजन्य लक्षणे सव्विसाव्या महिन्यापर्यंतही घटली नव्हती. मुलाने स्वतः काय पाहिले यापेक्षा तीन गोष्टी अधिक प्रभावी ठरल्या : आपत्तीनंतर लगेच झालेली कुटुंबाची ताटातूट, आईच्या मनात सतत घोळत राहिलेली आपत्ती आणि घरातील बदललेले वातावरण. बालरुग्णाच्या शय्यामूत्रावर किंवा दचकण्यावर औषध देताना आईची झोप कशी आहे हे विचारणे म्हणजे निदानाचाच भाग होय. भयज व शोकज अतिसारात चरकाचार्यांनी वातहर क्रियेबरोबर हर्षण आणि आश्वासन सांगितले आहे. येथे ते आश्वासन आधी मातेस मिळाले पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच मुलांचा वीस वर्षांनंतर पाठपुरावा करण्यात आला व त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. प्रौढपणीच्या मनोविकारांवर त्या आपत्तीचा थेट परिणाम अल्पच आढळला. बहुसंख्य माणसे सावरतात. म्हणून प्रत्येक आपद्ग्रस्तास रोगी ठरवणे हाही प्रमादच.

पुढे मॅकफार्लेन यांचे लक्ष सैनिकांकडे वळले. अॅडलेड विद्यापीठातील आघातजन्य ताणाच्या अभ्यासकेंद्राचे ते प्रमुख होते आणि 2010 साली ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण दलातील मानसिक आरोग्याच्या व्यापक पाहणीचे नेतृत्व त्यांनी केले. मागील बारा महिन्यांत सुमारे 22 टक्के सैनिकांना कोणता ना कोणता मनोविकार होता. आघातोत्तर ताणविकाराचे प्रमाण 8.3 टक्के होते. विशेष असे की, परदेशी मोहिमेवर गेलेले आणि न गेलेले यांच्यातील मनोविकारांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय अंतर नव्हते. म्हणजे ‘तुम्ही लढाईत होता काय’ एवढा एकच प्रश्न सैनिकालाही पुरत नाही. बालपणापासूनचे आघात, प्रशिक्षणातील अपघात, सहकाऱ्याचा मृत्यू हे सारे साचत जाते.

हे साचणे घडते कसे? मॅकफार्लेन यांच्या प्रतिपादनानुसार प्रत्येक स्मरणाबरोबर शरीराची भयप्रतिक्रिया पुन्हा जागी होते आणि पुनरावृत्तीने ती अधिकाधिक अल्प कारणाने उठू लागते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर स्मरण हाच नवा हेतू बनतो. ही अवस्था केवळ मनापुरती राहत नाही. 2010 सालच्या एका लेखात त्यांनी हृद्रोग, दीर्घकालीन वेदना आणि आंत्रक्षोभ यांचा या विकाराशी असलेला संबंध विस्ताराने मांडला आहे. आपल्याकडे येणारे रुग्ण नेमके याच तक्रारी घेऊन येतात. ग्रहणी, कटिशूल, हृद्द्रव या नोंदींखाली काय दडले आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

सातारा-कोल्हापूरकडील वैद्यांकडे निवृत्त जवान नित्य येतात. लातूर-धाराशिवकडील वैद्यांना 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट सांगावयास नको. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. अशा रुग्णास चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात : त्या प्रसंगाची स्वप्ने पडतात काय, ती जागा वा तो विषय टाळावासा वाटतो काय, लहानशा आवाजाने दचकायला होते काय, घरच्यांविषयीची माया आटल्यासारखी वाटते काय. तपशील खोदून काढू नयेत. घटनेनंतर एकाच बैठकीत सर्व वदवून घेण्याच्या पद्धतीने हा विकार टळतो, असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. उत्तरे होकारार्थी असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. आघातकेंद्री मानसोपचाराचा लाभ सिद्ध आहे. चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. सत्त्वावजय, अभ्यंग, शिरोधारा, दिनचर्येची घडी हे सर्व त्या उपचारास जोड म्हणून द्यावे.

औषधी दुकानदारांसाठी तीन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. झोपेसाठी म्हणून सर्पगंधाघन वटी मागितली जाते. 1952 साली सर्पगंधेतून वेगळे काढलेले रिसर्पिन काही रुग्णांत विषण्णता निर्माण करते, असे त्या दशकातच दिसून आले होते. खचलेल्या मनाच्या माणसास ती वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. सारस्वतारिष्ट वा अश्वगंधारिष्ट देताना गिऱ्हाईक दारू सोडण्याचे औषध घेत आहे काय, हे विचारावे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो आणि डायसल्फिराम घेणाऱ्यास तेवढाही बाधू शकतो. जटामांसी व तगर यांचे कल्प झोपेच्या आधुनिक गोळ्यांबरोबर घेतल्यास गुंगी वाढण्याचा संभव असतो. आणि जीव नकोसा झाल्याचे कोणी बोललाच, तर त्यास एकटे जाऊ देऊ नये. घरच्यांना बोलवावे आणि टेली-मानसचा 14416 हा क्रमांक तेथल्या तेथे लावून द्यावा.