प्रकल्प तिघांचा, अडकली एकाची यूसी

संस्थांनी मिळून संशोधन करायचं ठरलं की आपण विज्ञानावर रात्री जागवतो आणि पैशाचं प्रकरण लेखाविभागाच्या गळ्यात टाकतो. आमच्या प्रकल्पात संस्था तीन आणि मंजुरीचा आदेश एकच, प्रमुख संस्थेच्या नावे. पुढचा हप्ता हवा तर तिघांचा खर्च जोडून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आपली यूसी, पाठवायची. दोघांचे कागद वेळेत तयार. तिसऱ्यांचे परत आले, कारण अनुदानावरचं व्याज वेगळं दाखवलं नव्हतं. (ते व्याज आपलं नसतंच, भारताच्या संचित निधीत भरावं लागतं.) दुरुस्त करून पाठवले, तर उपकरणासाठी दिलेली आगाऊ रक्कम खर्चात धरली म्हणून पुन्हा परत. तेवढ्यात तिथले लेखाधिकारी बदलले. प्रयोग तिन्हीकडे जोरात, आणि हप्ता तिघांचाही बंद.

प्राध्यापकांना याची झळ लागत नाही, आमचा पगार होतोच. झळ बसते ती जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्यांना. 2023 पासून त्यांना महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता, हे आदेशात; हातात मात्र हप्ता आला तरच. पुण्यात खोली घेऊन राहणारी आमच्या प्रकल्पातली जेआरएफ मुलगी रोज प्रयोगशाळेत येऊन आधी विचारायची, "सर, यूसी गेली का?"

म्हणून नवा प्रस्ताव लिहिणाऱ्यांना मी पहिल्यांदा विचारतो, आदेश प्रत्येक संस्थेला स्वतंत्र निघणार की एकत्र? स्वतंत्र मिळत असेल तर 'प्रमुख' म्हणून मिरवायचा मोह सोडा. एकत्रच असेल तर सही करण्याआधी तिन्ही लेखाधिकाऱ्यांना एकदा समोरासमोर बसवा. शास्त्रज्ञांच्या दहा बैठकांपेक्षा ती एक कामाची. पाठ्यवृत्ती अडली तर संस्था आपल्या निधीतून उचल देईल, एवढं संचालकांकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासन संचालकांबरोबरच निवृत्त होतं.

संशोधनाला निधी देणाऱ्या एसईआरबीच्या जागी 2024 मध्ये एएनआरएफ आलं, सरकारच्या पीएफएमएस पोर्टलवर खर्च दिसू लागला, तरी मार्च तो मार्चच. शून्य शिल्लक खात्यात न वापरलेली मर्यादा 31 तारखेला संपते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची खरेदी दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्याला प्रकल्पात घेऊच नका.

यंत्र कुणाच्या डेड स्टॉक रजिस्टरला लागणार, प्रकल्प संपल्यावर वार्षिक देखभालीचे पैसे (एएमसी) कोण भरणार, बाकीच्यांना ते कोणत्या दराने वापरता येणार, हेही करारात हवं. आमच्यात ते नव्हतं. सामायिक पैशातून घेतलेल्या त्या यंत्रावर नमुने तपासायला आज आम्ही बाहेरच्यांच्या दराने चलन भरतो.