पुढचा ब्रेक कोणत्या हाताला? सायकल कारागिरांसाठी एक धडा

सायकल दुरुस्तीच्या दुकानात पंक्चरखालोखाल येणारे काम म्हणजे ब्रेकचे. वायर तुटली, रबर झिजले, लिव्हर मोडला, की गिऱ्हाईक दारात उभे. काम दहा मिनिटांचे आणि मजुरी थोडी, म्हणून आपण ते घाईत उरकतो. या घाईत एक चूक अगदी सहज होते. दोन्ही वायरी काढल्या जातात आणि परत बसवताना पुढच्या चाकाची वायर उजव्या लिव्हरऐवजी डाव्यात जाते. दोन्ही ब्रेक लागतात, सायकल थांबते, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जाते. चूक कळते ती रस्त्यावर, एखादे मूल अचानक समोर आल्यावर.

अशा वेळी माणूस विचार करून ब्रेक दाबत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपोआप आवळला जातो. डावा हात आवळला की मागचे चाक धरते, ही ज्याची सवय आहे त्याने तोच हात जोरात आवळला आणि पुढचे चाक जाम झाले, तर तो हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. म्हणून लिव्हरची बाजू ही बारीकसारीक बाब समजू नये.

पुढचा ब्रेक जास्त ताकदीचा का?

ब्रेक लागला की सायकल आणि स्वार यांचा भार पुढे सरकतो. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते, मागचे हलके होते. हलके झालेले चाक रस्ता धरत नाही, ते घसरते. केवळ मागचा ब्रेक वापरणाऱ्याची सायकल रस्त्यावर काळा पट्टा ओढत जाते, पण लवकर थांबत नाही.

साधा हिशेब पाहा. कोरडा डांबरी रस्ता, चांगले ब्रेक आणि ताशी 20 किलोमीटर वेग धरला, तर केवळ मागच्या ब्रेकने थांबायला ब्रेक लागल्यापासून सुमारे 6 मीटर लागतात. पुढचा ब्रेक नीट वापरला तर साधारण निम्म्या अंतरात काम होते. पण याच ब्रेकला एक मर्यादा आहे. तो प्रमाणाबाहेर दाबला तर मागचे चाक उचलले जाते आणि सायकल पुढे उलटते. वाळूवर, खडीवर किंवा ओल्या वळणावर पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही. थोडक्यात, पुढचा ब्रेक सर्वांत उपयोगी आहे आणि चुकीच्या हातात सर्वांत धोक्याचाही आहे. तो कोणत्या हाताला आहे हे स्वाराला झोपेतही ठाऊक असले पाहिजे.

आपल्याकडे उजवा हातच का?

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. उजवीकडे वळायचे तर सायकलस्वार उजवा हात बाहेर काढून इशारा करतो. त्या क्षणी हॅण्डलवर फक्त डावा हात असतो. एका हाताने तोल सांभाळताना पुढचा ब्रेक दाबणे धोक्याचे, म्हणून डाव्या हाताला मागचा ब्रेक हवा. उजव्या हातात डबा किंवा पिशवी धरून जाणाऱ्यालाही हेच लागू पडते.

दुसरे कारण मोटारसायकल आणि स्कूटरचे. या वाहनांत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. आज अनेक घरांत माणूस सकाळी सायकल आणि दुपारी स्कूटर चालवतो. दोन्हींवर एकच सवय राहिली तर गफलत होत नाही.

ब्रिटनमध्येही वाहतूक डाव्या बाजूने आहे. तेथील 2010 च्या सायकल सुरक्षा नियमांनुसार जोडून विकल्या जाणाऱ्या सायकलीत उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असावा लागतो. अमेरिकेत वाहतूक उजव्या बाजूने चालते, म्हणून तेथील नियम उलटा आहे. पुढचा ब्रेक डाव्या हाताला आणि मागचा उजव्या हाताला. मात्र गिऱ्हाइकाने मागितल्यास बाजू बदलून देण्याची मुभा त्या नियमात आहे. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकानेही एकच बाजू ठरवलेली नाही. ज्या देशात सायकल विकायची तेथील कायदा किंवा रीत पाळावी आणि कोणता लिव्हर कोणत्या ब्रेकचा हे सूचनापत्रात लिहावे, असे ते सांगते.

म्हणून बाहेरून आलेली किंवा जुनी विकत घेतलेली सायकल दुकानात आली, तर बाजू गृहीत धरू नका. आधी लिव्हर दाबून पाहा.

बाजू बदलण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: ही सायकल कोण चालवणार? आणणारा बाप असतो, चालवणारी शाळेत जाणारी मुलगी असते. सवय चालवणाऱ्याची विचारावी.

दुसरा प्रश्न: आतापर्यंत कोणत्या बाजूची सवय आहे? अनेक वर्षे डाव्या हाताला पुढचा ब्रेक वापरणाऱ्याची सायकल न विचारता "बरोबर" करून देणे हीसुद्धा चूकच. त्याला कारण समजावून सांगा, निर्णय त्याला घेऊ द्या.

तिसरा प्रश्न: दोन्ही हातांत सारखी ताकद आहे का? एखाद्याचा उजवा हात जायबंदी असेल तर पुढचा ब्रेक त्याच्या चांगल्या हाताला देणे शहाणपणाचे. एकाच हाताचा उपयोग होत असेल तर एका लिव्हरने दोन वायरी ओढणारा जोड लिव्हर मिळतो, तो सुचवावा.

काम कसे करावे?

जुन्या पद्धतीच्या रॉड ब्रेकच्या सायकलीत सळ्यांच्या जोडणीनेच बाजू ठरलेली असते. तेथे बदलाच्या भानगडीत पडू नये. तेल लावलेल्या डिस्क ब्रेकच्या नळ्या बदलायच्या तर नळीतील हवा पूर्ण काढावी लागते. ते साहित्य व माहिती नसेल तर काम घेऊ नये. वायरच्या ब्रेकसाठी मात्र पुढील क्रम ठेवावा.

1. लिव्हर जागचे हलवू नका. दोन्ही वायरी ब्रेककडील नटातून सोडवा आणि आतून ओढून काढा.

2. वायरचे टोक पिंजले असेल तर ती पुन्हा घालू नका. पिंजलेली वायर वरून धड दिसते आणि आतून तुटत जाते. नवीन वायरचे पैसे कामाआधीच सांगा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

3. वरच्या आवरणाची लांबी नव्या बाजूप्रमाणे मोजा. हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. आवरण ताणले जाता कामा नये आणि त्याला तीव्र बाकही येता कामा नये. ब्रेकवर वायर ज्या बाजूने आत जाते त्याच बाजूचा लिव्हर जोडला तर कित्येकदा बाक जास्त येतो. बाक तीव्र असला की ब्रेक जड लागतो आणि सोडल्यावर लवकर सुटत नाही. अशा वेळी आवरण थोडे लांब घ्या.

4. आवरण कापल्यावर टोक सपाट करा, आत थोडे ग्रीस द्या, टोपी बसवा.

5. लिव्हर बदलायचाच असेल तर ब्रेकच्या जातीचा घ्या. व्ही ब्रेकला वायर जास्त ओढणारा लिव्हर लागतो, साध्या कॅलिपर ब्रेकला कमी ओढणारा. अदलाबदल झाली तर एकीकडे ब्रेक पुरता लागत नाही आणि दुसरीकडे फार जड होतो.

6. नट घट्ट करून दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा. नवीन वायर जागेवर बसते व थोडी सैल होते. मग पुन्हा ताण द्या. पूर्ण दाबल्यावरही लिव्हर मुठीला टेकता कामा नये.

7. शेवटची तपासणी कधीही चुकवू नका. उजवा लिव्हर दाबून सायकल पुढे ढकला: पुढचे चाक अडले पाहिजे व मागचे उचलू लागले पाहिजे. डावा दाबून ढकला: मागचे चाक न फिरता घासत आले पाहिजे.

सायकल परत देताना

बाजू बदलली असेल तर सायकल हातात देण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दोन्ही लिव्हर स्वतः दाबायला लावा. "आता उजवा पुढचा, डावा मागचा" हे तोंडाने सांगा. दुकानासमोर हळू वेगात दोन फेऱ्या मारायला लावा आणि पहिले काही दिवस गर्दीत सावकाश जायला सांगा. जुनी सवय एका दिवसात जात नाही. पावतीवर किंवा वहीत एक ओळ लिहून ठेवा. दुकानात शिकाऊ मुलगा असेल तर त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवा: वायर काढण्याआधी कोणती कोणत्या बाजूची हे पाहायचे आणि काम झाल्यावर ढकलून तपासायचे.

या सगळ्याला पाच मिनिटे जास्त लागतात. त्या पाच मिनिटांची वेगळी मजुरी कोणी देत नाही. पण गिऱ्हाईक सायकलबरोबर घरच्या माणसाचा जीवही आपल्या हाती सोपवून जाते. ज्या दुकानात हे जपले जाते, तेथे ते पुन्हा येते आणि शेजाऱ्यालाही पाठवते.