नवोदित मुष्टियोद्ध्याचा पहिला सामना : वैद्याचे कर्तव्य

विदर्भाला व्यायामाची परंपरा नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांची आपणांस सवय आहे आणि आखाड्यातील मुरगळ-मोच आपल्याकडेच येते. मुष्टियुद्ध म्हणजे बॉक्सिंग मात्र आपल्या भागात तुलनेने अलीकडचे. २०२१ साली पोलंडमधील किएल्त्से येथे नागपूरच्या अल्फिया पठाण हिने युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, त्यानंतर आसपासच्या गावांतील मुलामुलींचेही लक्ष या खेळाकडे वेधले गेले. पुलगावात दारूगोळा भांडारामुळे सैन्याचा शेजार आहे. भरतीच्या तयारीने पहाटे धावणारी मुले येथे नित्य दिसतात. त्यांतील काही आता हातमोजे घालू लागली आहेत. अशी मुले, त्यांचे पालक आणि कधी प्रशिक्षकही ‘ताकदीचे काही द्या’ म्हणून आपल्या चिकित्सालयात वा औषधी दुकानात येतात. त्या प्रसंगी काय द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय देऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम सामन्याचे स्वरूप समजून घेऊ. हौशी मुष्टियुद्धात प्रौढ गटाचा सामना तीन फेऱ्यांचा असतो. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. लहान वयोगटांत फेरी याहून आखूड असते. प्रौढ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतून २०१३ पासून शिरस्त्राण काढण्यात आले. महिला व कनिष्ठ गटांत ते आहे. नऊ मिनिटे ऐकावयास थोडी वाटतात. परंतु ज्याने कधी सामना खेळलेला नाही असा तरुण पहिल्या फेरीच्या पहिल्या मिनिटातच सर्व बळ खर्चून बसतो. भय आणि आवेग यांमुळे श्वास वर चढतो, खांदे आखडतात, हात खाली येतात आणि हनुवटी उघडी पडते. पहिल्या सामन्यातील पराभव बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्याने होत नाही, या दमछाकीने होतो. दुखापतही अशाच वेळी होते.

म्हणून प्रशिक्षणाचा हेतू दमसास हाच असावा. किमान तीन महिने नियमित सराव झाल्याविना नवोदिताने रिंगणात उतरू नये, असे माझे मत आहे. धावणे, दोरीवरच्या उड्या, आरशासमोर एकट्याने ठोश्यांचा सराव, पिशवीवर मारा, प्रशिक्षकाच्या हातातील पॅडवर मारा आणि शेवटी जोडीदाराशी स्पारिंग, हा क्रम आहे. स्पारिंग सर्वांत शेवटी, आठवड्यातून फार तर दोनदा, मोठे हातमोजे व शिरस्त्राण घालून आणि निम्म्या जोराने. ‘मार खाण्याची सवय होते’ हा समज घातक आहे. मेंदूला अशी सवय होत नाही.

तंत्राविषयी थोडक्यात. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, दोन्ही हात गालांजवळ, हनुवटी छातीकडे झुकलेली. पुढे सरकताना पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा. पाय कधी एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत. पुढच्या हाताचा सरळ ठोसा, ज्यास जॅब म्हणतात, तो नवोदिताचे अर्धे शस्त्र आहे. मागच्या हाताचा ठोसा खांद्यातून निघत नाही. तो टाचेपासून उगम पावतो, कटी वळते आणि मूठ शेवटी पोहोचते. ठोसा मारल्यानंतर हात त्याच वाटेने गालापाशी परत आला पाहिजे. प्रत्येक ठोशासोबत नाकातून आखूड उच्छ्वास सोडावा. हुक, अपरकट इत्यादी पहिल्या सामन्यासाठी फारसे आवश्यक नाहीत. जॅब, मागचा सरळ ठोसा, दोन पावले बाजूला, एवढे ज्यास तिसऱ्या फेरीतही साधते तो तयार झाला असे समजावे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. व्यायाम बलार्धानेच करावा असे सुश्रुत व वाग्भट दोघेही सांगतात. कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम येणे, तोंडाला कोरड पडणे, श्वास तोंडावाटे चालू होणे ही बलार्धाची लक्षणे आपण पाठ केलेली आहेत. प्रश्न असा की स्पर्धेची तयारी करणाऱ्यास बलार्धावर थांबून कसे चालेल? माझ्या मते येथे शब्दार्थ न घेता आशय घ्यावा. आठवड्यातील बहुतेक दिवसांचा सराव बलार्धाच्या आत ठेवावा; तीव्र सराव दोन दिवस, त्यापुढच्या दिवशी विश्रांती. तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, क्लम, कास, ज्वर, छर्दी ही अतिव्यायामाची संहितोक्त लक्षणे आजच्या प्रशिक्षकालाही परिचित आहेत, तो त्यांस ‘ओव्हरट्रेनिंग’ म्हणतो, इतकेच. सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद, भूक मंद, झोप उडालेली, अशी तक्रार घेऊन आलेल्या खेळाडूस बल्य औषध देण्याऐवजी चार दिवस सराव थांबविण्यास सांगावे.

ऋतूचा विचार याहून महत्त्वाचा आहे. हेमंत, शिशिर व वसंत हे व्यायामाचे ऋतू. ग्रीष्मात बल अल्प असते. आपल्या वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शालेय स्पर्धा साधारणतः पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे त्यांची खरी तयारी नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत, आदानकालाच्या अंती येते. पालक म्हणतात, आता सुट्टी आहे, दोन्ही वेळ सराव होऊ दे. हे उलटे आहे. पाया हिवाळ्यात घालावा. उन्हाळ्यात पहाटेचा एकच हलका सराव, तोही तंत्राचा, आणि मीठ-साखर घातलेले पाणी वा ताक भरपूर. अभ्यंगास तिळतेल उत्तम, व्यायामोत्तर उद्वर्तनही उपयुक्त. आहाराविषयी विस्तार करीत नाही. स्निग्ध, बलवर्धक आहार घेणाऱ्यानेच व्यायाम करावा हे सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडते. उपाशी पोरांनी ठोसे खाऊ नयेत.

यानंतर ज्या मुद्द्यासाठी हा लेख मुख्यतः लिहीत आहे तो येतो. स्पर्धा वजनगटांत होते आणि वजन सामन्याच्या दिवशी सकाळी घेतले जाते. दोन-तीन किलो कमी झाले तर ‘खालच्या गटात सोपे जाईल’ या कल्पनेने नवोदित आपल्याकडे रेचक मागतो. गेल्या वर्षी एक पालक मजकडे आले. मुलगा १६ वर्षांचा, वजन ५६ किलो, पाहिजे ५४. ‘डॉक्टरसाहेब, एक-दोन जुलाब होतील असे काही द्या, परवा स्पर्धा आहे’, असे ते म्हणाले. इच्छाभेदी रसाचे नावही त्यांना कुणीतरी सांगितले होते. त्यांस समजावून परत पाठविले व मुलास त्याच्या नैसर्गिक वजनगटातच खेळविण्यास सांगितले. विरेचन हे शोधनकर्म आहे. त्यास पूर्वकर्म, पश्चात्कर्म व संसर्जनक्रम आहेत. जयपालयुक्त कल्प देऊन दुसऱ्या दिवशी ठोसे खाण्यास पाठविणे हा शोधनाचा उपयोग नव्हे. अशा वेळी जाते ते जल आणि क्षार, मेद नव्हे. १९९७ साली अमेरिकेत सुमारे महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीपटू अशाच वजनघटीच्या प्रयत्नात मृत्यू पावले, त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले. औषधी विक्रेते बंधूंना विनंती की, खेळाडूने मागितल्यास तीव्र रेचक अथवा मूत्रल कल्प काउंटरवरून देऊ नयेत.

दुसरी बाब निषिद्ध द्रव्यांची. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) सूचीत स्ट्रिक्निनचे नाव स्पष्टपणे आहे. म्हणजे कुचला असलेला कोणताही कल्प, विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, एकांगवीर रस, स्पर्धकास देणे धोक्याचे. सोमलतेत इफेड्रिन असते. मूत्रात ते प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास दोष मानला जातो. बलेतही इफेड्रिनवर्गीय घटक अल्प प्रमाणात सांगितले जातात, म्हणून तिचे आभ्यंतर प्रयोग स्पर्धेच्या सुमारास टाळावेत. भंगायुक्त जातीफलादी चूर्ण, अहिफेनयुक्त कर्पूर रस हे अतिसारात आपण सहज देतो. सामन्याच्या काळात ते देता येणार नाहीत. हायजेनामाइन हे द्रव्य २०१७ पासून सूचीत नावानिशी आहे आणि ते टिनोस्पोरा क्रिस्पा या गुळवेलीच्या भगिनी-जातीत आढळते. गुळवेलीच्या नावाखाली ही जात बाजारात येऊ नये म्हणून २०२२ साली आयुष मंत्रालयानेही खुलासा केला होता. तेव्हा गुडूची घेताना मूळ द्रव्याची ओळख पटविणे आवश्यक. तालुका-जिल्हा पातळीवर मूत्रतपासणी क्वचितच होते हे खरे. परंतु मूल पुढे गेले की ‘मला वैद्यांनी दिले होते’ हे उत्तर चालत नाही. शरीरात द्रव्य आढळले की जबाबदारी खेळाडूची, आणि बंदी चार वर्षांपर्यंतची असू शकते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असे लिहिलेल्या, घटक न छापलेल्या वजनवाढीच्या भुकट्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते, हे येथे वेगळे सांगावयास नको. अशी डबी दुकानात न ठेवणे बरे.

मर्मविचार करता एक गोष्ट लक्षात येते. मानेच्या व डोक्याच्या मागील भागावर ठोसा मारणे नियमबाह्य आहे. तेथे कृकाटिका आणि विधुर ही मर्मे आहेत. कमरपट्ट्याखाली मारणे नियमबाह्य, तेथे बस्ती. परंतु शंख, अपांग, फण ही मर्मे आणि छातीवरील हृदय, स्तनमूल यांवर ठोसा वैध आहे. शंख व हृदय तर सद्यःप्राणहर. म्हणजे नियम सर्व मर्मांचे रक्षण करीत नाहीत, ते खेळाडूच्या हातांनीच करावयाचे असते. हनुवटीवर बसलेला ठोसा कवटी झटक्याने फिरवितो, मेंदू आत ढवळला जातो आणि मूर्च्छा येते. हनुवटी झुकविण्याचा आग्रह याच कारणासाठी.

डोक्याला मार लागलेला खेळाडू सामन्यानंतर आपल्याकडे आला तर काय करावे? मूर्च्छा आली नसली तरी शिरःशूल, मळमळ, प्रकाश सहन न होणे, तेच तेच विचारणे, उत्तर देण्यास विलंब ही मस्तिष्काघाताची लक्षणे होत. वारंवार उलटी, वाढती झोप, आकडी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, एका अंगाची दुर्बलता यांपैकी एकही लक्षण असल्यास एक क्षणही न दवडता सावंगी किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात सी.टी. स्कॅनसाठी पाठवावे. काही रुग्ण मध्यंतरी अगदी ठीक वाटतात आणि काही तासांनी कोसळतात, कारण रक्तस्राव कवटीच्या आत हळूहळू साचत असतो. या अवस्थेत नस्य, शिरोधारा, शिरोऽभ्यंग काहीही करू नये, ॲस्पिरिनसारखे वेदनाशामकही नको. ब्राह्मी, शंखपुष्पी यांचा विचार पुढे, तज्ज्ञांनी धोका नाही म्हटल्यावर.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डोक्याच्या माराने सामना थांबल्यास किमान ३० दिवस, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा घडल्यास ९० दिवस आणि वर्षात तिसऱ्यांदा घडल्यास एक वर्ष सामना व स्पारिंग दोन्ही वर्ज्य आहेत. गावपातळीवर हा हिशोब कुणी ठेवत नाही. तो आपण आपल्या रुग्णपत्रिकेत ठेवावा आणि मूल तीस दिवसांच्या आत हातमोजे घालताना दिसले तर पालकांस बोलावून सांगावे.

हाताच्या दुखापतीत एक चूक वारंवार होते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल तर ती मुरगळ समजून लेप लावला जातो. तेथील छोट्या होडीसारख्या अस्थीचा भंग पहिल्या क्ष-किरण चित्रात कधी कधी दिसत नाही. म्हणून मनगट स्थिर बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे. तोवर सूज असल्यास औषध द्यावे, मर्दन मात्र करू नये. आणि दुसऱ्या चित्राचा निर्णय येईपर्यंत पिशवीवरचा सरावही बंद.