पहिले तीन महिने आणि हातातला मोबाईल

अभ्यासासाठी वाचन : लूक १:२६-५६



देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया घाईने डोंगराळ भागातील एका गावी, आपली नातलग एलिझाबेथ हिच्याकडे गेली. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना होता. मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतो. मरिया सेवेसाठी गेली हे आपण नेहमी ऐकतो. पण हिशेब केला तर ते तिचे स्वतःचेही पहिले तीन महिने होते. ते दिवस तिने एका वडीलधाऱ्या, विश्वासू स्त्रीच्या सोबतीने काढले.

आज घरातील सून किंवा लेक दिवस राहिल्याची शंका येताच आधी मोबाईल उघडते. सासूबाईंना विचारायची लाज वाटते, आई दूर असते. यात चूक काहीच नाही. फक्त मोबाईलवर दिसते त्यातले घ्यावे काय आणि सोडावे काय, हे कळायला हवे. त्यासाठीच हा पाठ.

१. बाळाची वाढ समजून घेऊ या

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणून 'सहावा आठवडा' असे वाचले तर बाळाचे प्रत्यक्ष वय चार आठवड्यांच्या आसपास असते. हे ठाऊक नसल्याने अनेक जणी 'बाळ लहान आहे' म्हणून उगाच घाबरतात.

याच सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे हृदय धडधडू लागते. मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतात ती नळीही याच सुमारास बंद होते. पुष्कळदा तोपर्यंत आईला दिवस गेल्याचे नक्की कळलेलेही नसते. ही नळी नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज लागते. ती दिवस राहण्याआधीपासून घेणे उत्तम. दहाव्या आठवड्यापर्यंत मुख्य अवयवांची घडण झालेली असते. बाराव्या आठवड्यात बाळ पाच-सहा सेंटिमीटरचे असते.

परमेश्वराने यिर्मया संदेष्ट्याला सांगितले की उदरात घडण्यापूर्वीच तो त्याला ओळखत होता. गर्भधारणेपासूनच जीवन पवित्र आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मग त्या जीवाची काळजीही पहिल्या दिवसापासूनच घ्यायला हवी.

२. आपल्या जिल्ह्याची अडचण

दसरा-दिवाळीनंतर बीडमधून हजारो कोयते ऊसतोडीला जातात. काही बहिणी पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच गाडीत बसतात. मोळ्या उचलणे, कोपीत राहणे, गावची आशाताई दूर. नोंदणी होते ती परत आल्यावर, तेव्हा सातवा महिना लागलेला असतो.

आरोग्य खात्याची 'किलकारी' ही सेवा महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झाली. तिच्यात दर आठवड्याला फोनवर आवाजी संदेश येतो. वाचता न येणाऱ्या बहिणीलाही तो ऐकता येतो. पण नोंदणी झालेल्या नंबरवरच तो येतो, आणि तोही चौथ्या महिन्यापासून. पहिल्या तीन महिन्यांत आपणच विचारायला हवे.

३. माहिती पारखण्याच्या खुणा

• सांगणारा कोण? आरोग्य खाते, सरकारी रुग्णालय, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना यांची माहिती आधी पाहावी. नाव नाही, तारीख नाही, असा मजकूर पुढे पाठवू नये.

• शेवटी काही विकतात का? काढा, चूर्ण किंवा 'गोरे बाळ' होण्याचे औषध विकत असतील तर ते पान बंद करावे.

• भीती घालतात का? ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. मिश्रीने मात्र खरेच अपाय होतो, तंबाखूमुळे बाळाचे वजन कमी भरते. मिश्री सोडावी.

• मुलगा की मुलगी, हे सांगतात का? पोटाच्या आकारावरून किंवा ठोक्यांवरून ते कळत नाही. गर्भलिंग निदान आणि त्याची जाहिरात, इंटरनेटवरची सुद्धा, कायद्याने गुन्हा आहे. अशा जाहिराती रोखण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६-१७ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांना दिले. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. हा आकडा आपल्याही कबुलीचा विषय आहे.

• दवाखान्यात जा म्हणतात, की जाऊ नका म्हणतात? चांगली माहिती नेहमी डॉक्टर, नर्स किंवा आशाताईकडे नेते.

४. येथे मोबाईल शोधत बसू नका

अंगावरून रक्त जाणे, पोटात जोराची कळ, चक्कर येऊन पडणे, पाणीही न टिकणारी उलटी, जोराचा ताप, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नयेत.

५. आपण काय करू शकतो?

पाळी चुकली की तपासणी, आणि बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. ऊसतोडीला जाण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड व गोळ्या सोबत घ्याव्यात. कार्ड दाखवून कारखान्याच्या गावीही तपासणी करून घ्यावी. नवरोबांनी जड मोळी स्वतः उचलावी.

आणि सासूबाईंनो, एलिझाबेथने मरियेचे स्वागत आनंदाने केले. तिला ऐकवले नाही, टोमणा मारला नाही. तुमच्या घरी सुनेला तसे दार उघडे असेल तर तिला रात्री पांघरुणात मोबाईल धरून रडावे लागणार नाही.

कुटुंबात चर्चेसाठी : (१) आपल्या घरात नव्या गर्भवतीला मोकळेपणाने कोणाला विचारता येते? (२) आपल्या वाडीतील कोणती बहीण यंदा ऊसतोडीला जाणार आहे? तिची नोंदणी झाली का?

प्रार्थना : हे मरियामाते, तू घाईने एलिझाबेथकडे गेलीस. आमच्या लेकी-सुनांना विश्वासू सोबत लाभो, आणि ती सोबत आम्हीच व्हावे, म्हणून आमच्यासाठी विनंती कर. आमेन.