कमी उष्णतेचे इंधन, जास्त शक्तीची मोटार

अकरावीच्या वर्गात उष्णतेचे प्रकरण शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर इंधनांचा एक छोटा तक्ता लिहितो. पेट्रोल: एका किलोग्रॅमला सुमारे ४३ मेगॅज्यूल. इथेनॉल, म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून मिळणारे अल्कोहोल: एका किलोग्रॅमला सुमारे २७ मेगॅज्यूल. लिटरच्या हिशेबात पेट्रोल ३२ आणि इथेनॉल २१. एवढे लिहून झाले की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "सर, म्हणूनच आमच्या स्कूटरचे ॲव्हरेज कमी झाले ना?"

एके वर्षी मात्र एका विद्यार्थ्याने उलटा प्रश्न विचारला. स्वीडनमधील एंगेलहोम येथे कोनिगसेग नावाची कंपनी अतिवेगवान मोटारी बनवते. तिच्या 'सीसीएक्स' या गाडीचे ४.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे एंजिन पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देत असे. २००७ साली कंपनीने त्याच एंजिनात फेरफार करून 'सीसीएक्सआर' ही गाडी काढली. ती ८५ टक्के इथेनॉल आणि १५ टक्के पेट्रोल अशा मिश्रणावर, म्हणजे 'ई-८५' वर, १०१८ अश्वशक्ती देऊ लागली. याच कंपनीची २०१९ साली जगासमोर आलेली 'येस्को' ही गाडी पेट्रोलवर १२८० आणि ई-८५ वर १६०० अश्वशक्ती देते. "इंधनात उष्णता कमी आणि गाडीची शक्ती पाव पट जास्त, हे कसे?" असा त्याचा प्रश्न होता.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गंमत अशी की दोघांचीही उत्तरे खरी आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. कशी ते पाहू.

ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी

पहिली गाठ शब्दांची आहे. टाकीत किती ऊर्जा साठली आहे यावर गाडी किती दूर जाईल हे ठरते. दर सेकंदाला किती ऊर्जा मोकळी होते यावर तिची शक्ती ठरते. मोठी टाकी आणि बारीक तोटी असेल तर पाणी खूप वेळ पुरेल, पण धार बारीकच पडेल. लहान टाकीला मोठी तोटी लावली तर धार जोराची पडेल, पण टाकी लवकर रिकामी होईल. ॲव्हरेजचा प्रश्न टाकीचा आहे आणि अश्वशक्तीचा प्रश्न तोटीचा.

मग एंजिनाची 'तोटी' कोणती? पुष्कळांना वाटते की ती इंधनाची. तसे नाही. ती हवेची असते.

एंजिनाला भूक हवेची

इंधन कितीही फवारता येते. त्याला लागेल तेवढा पंप बसवला की झाले. पण ते जाळण्यासाठी ऑक्सिजन हवा आणि सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला मावेल तेवढीच हवा शिरते. म्हणून खरा प्रश्न 'एक किलोग्रॅम इंधनातून किती उष्णता मिळते' असा नाही. 'एक किलोग्रॅम हवेतून किती उष्णता मिळवता येते' असा आहे.

हे गणित तुम्हीही करू शकाल. इथेनॉल जळताना

इथेनॉलचा १ रेणू + ऑक्सिजनचे ३ रेणू → कार्बन डाय-ऑक्साइडचे २ रेणू + पाण्याचे ३ रेणू

अशी क्रिया होते. इथेनॉलचा रेणुभार ४६ आणि ऑक्सिजनचा ३२. म्हणजे ४६ ग्रॅम इथेनॉलला ९६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे सुमारे ४१४ ग्रॅम हवा लागेल. ४१४ भागिले ४६ म्हणजे ९. एक किलो इथेनॉलला ९ किलो हवा पुरते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा फरक का पडतो? इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आधीच बसलेला असतो. ४६ पैकी १६, म्हणजे वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ऑक्सिजनचाच. म्हणूनच त्याचा ऊष्मांक कमी आहे आणि म्हणूनच त्याला हवाही कमी लागते.

आता शेवटची पायरी. पेट्रोल: ४३ भागिले १४.७, म्हणजे एक किलो हवेमागे सुमारे २.९ मेगॅज्यूल. इथेनॉल: २६.८ भागिले ९, म्हणजे जवळजवळ ३ मेगॅज्यूल. दोन्ही जवळपास सारखेच! सिलिंडरात तेवढीच हवा घेतली, तर इथेनॉलवर एंजिनाला उष्णतेचा तोटा मुळीच होत नाही. मात्र त्यासाठी इंधन जास्त फवारावे लागते. आकारमानाने हिशेब केला तर शुद्ध इथेनॉल पेट्रोलच्या सुमारे दीडपट आणि ई-८५ सुमारे १.४ पट लागते.

इथपर्यंत बरोबरी झाली. मग वरची पाव पट शक्ती कोठून आली?

खटखटीचा अडथळा

सिलिंडरातील मिश्रण दट्ट्याने जितके जास्त दाबावे तितके एंजिन कार्यक्षम होते. आदर्श एंजिनाच्या सूत्राप्रमाणे संपीडन गुणोत्तर ९ असताना कार्यक्षमता सुमारे ५८ टक्के येते आणि १२ असताना ६३ टक्के. प्रत्यक्ष एंजिनाची कार्यक्षमता याहून बरीच कमी असते, पण वाढीची दिशा तीच. शिवाय पंपाने जादा हवा कोंबली तर जादा इंधन जाळता येते.

पण या दाबाला एक मर्यादा आहे. वायू दाबला की तापतो, हे सायकलच्या पंपाला हात लावून तुम्ही अनुभवले असेल. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने पसरू लागते. तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते, आणखी तापते आणि ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटते. धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. ही एंजिनाची खटखट. ती फार वेळ चालली तर दट्ट्याला भोकसुद्धा पडू शकते. खटखटीला इंधन किती दाद देत नाही, हे ऑक्टेन क्रमांकाने मोजतात. साध्या पेट्रोलचा हा क्रमांक आपल्याकडे बराच काळ ९१ होता. शुद्ध इथेनॉलचा १०८ च्या आसपास आहे.

ही गोष्ट नवी नाही. ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धानंतर संपीडन गुणोत्तर बदलता येईल असे एंजिन बांधून निरनिराळी इंधने तपासली आणि अल्कोहोल जास्त दाब सोसते असे त्याला आढळले. त्याच सुमारास, १९२१ साली, अमेरिकेत टॉमस मिजली याने खटखट थांबवणारे शिशाचे एक संयुग शोधले. ते चिमूटभर पुरे होई. जगाने ती सोपी वाट धरली आणि शिशाचा विषारी धूर कित्येक पिढ्यांनी श्वासावाटे घेतला. भारतात पेट्रोलमधील शिसे २००० साली बंद झाले. जगातून ते पुरते हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले. ऑक्टेन क्रमांक कशाने वाढवायचा हा प्रश्न केवळ शर्यतीच्या हौशीचा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

बाष्पीभवनाचा गारवा

हाताला स्पिरिट लावले की गार वाटते. द्रवाची वाफ होताना ती आपल्या कातडीची उष्णता घेऊन जाते. एंजिनात हेच घडते. एक किलोग्रॅम इथेनॉलची वाफ होण्यास सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता लागते, तर पेट्रोलला सुमारे ३५०. त्यातच हवेच्या प्रत्येक किलोमागे इथेनॉल १११ ग्रॅम जाते आणि पेट्रोल फक्त ६८ ग्रॅम. गुणाकार करा. इथेनॉल एक किलो हवेकडून १०० किलोज्यूल घेऊ शकते आणि पेट्रोल केवळ २४. एक किलो हवेचे तापमान एक अंशाने उतरवण्यास सुमारे एक किलोज्यूल पुरतो. तेव्हा इथेनॉलचा गारवा पेट्रोलच्या चौपट झाला. प्रत्यक्षात तापमान एवढे उतरत नाही, कारण बरीचशी उष्णता तापलेल्या झडपा आणि भिंती पुरवतात. तरीही फायदा दुहेरी होतो. मिश्रण थंड असल्याने खटखट लांबते आणि थंड हवा दाट असल्याने त्याच जागेत जास्त मावते. निरपेक्ष तापमान ३३० वरून ३१० अंशांवर आले, तर त्याच दाबाखाली हवेची घनता सहा टक्क्यांहून थोडी जास्तच वाढते.

आता त्या विद्यार्थ्याचे कोडे सुटले. खटखटीची भीती कमी झाल्यामुळे अभियंत्याला हवा जास्त दाबाने भरता आली. हवा जास्त, म्हणून जळणारे इंधन जास्त, म्हणून शक्ती जास्त. इंधनातील उष्णता वाढलेली नाही. एंजिनाचा घास मोठा झाला आहे.

शर्यतीच्या मैदानावर

अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत १९६४ साली पेट्रोल भडकून दोन चालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील गाड्या मेथॅनॉलकडे वळल्या. मेथॅनॉलची आग पाण्याने विझवता येते, पण त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. २००७ पासून या मालिकेत इथेनॉल आले. त्याची ज्योत दिसू शकते, हा मोठाच फायदा. २०२३ पासून तेथील इंधनाचे इथेनॉल उसाच्या चोथ्यासारख्या टाकाऊ भागापासून बनवतात.

साध्या गाडीत ई-८५ ओतले तर?

हे वाचून कोणी आपल्या गाडीत ई-८५ भरण्याचा विचार करील, तर थांबा. साधे एंजिन पेट्रोलच्या हिशेबाने इंधन फवारते. तेथे १.४ पट इंधनाची गरज पडली की पंप आणि फवारे अपुरे पडतात. इंधन कमी व हवा जास्त झाल्याने एंजिन झटके खाते किंवा सुरूच होत नाही. इथेनॉलमुळे काही जुन्या प्रकारचे रबर फुगते आणि काही धातू गंजतात. ते हवेतील ओलावाही शोषते. मिश्रणात पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेले की अल्कोहोल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पंप नेमका तेथूनच इंधन ओढतो.

थंडी हीसुद्धा एक अडचण. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि थंड हवेत त्याची पुरेशी वाफ होत नाही. ई-८५ मधील पेट्रोल मुख्यतः सकाळच्या पहिल्या ठिणगीसाठी असते. स्वीडनच्या हिवाळ्यात पेट्रोलचे प्रमाण आणखी वाढवतात. ब्राझीलने १९७५ साली अल्कोहोल इंधनाची मोहीम काढली आणि १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आणल्या. त्यांना सुरू करण्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे.

कोणत्याही प्रमाणाचे मिश्रण चालणाऱ्या गाडीला टाकीत काय आहे हे कसे कळते? त्याची एक युक्ती तुमच्या पुस्तकातलीच आहे. इंधन दोन धातूंच्या पृष्ठांमधून वाहू देतात, म्हणजे एक धारित्रच तयार होते. पेट्रोलचा विद्युत् अपारक स्थिरांक सुमारे २ आणि इथेनॉलचा सुमारे २५. धारकता मोजली की इथेनॉलचे प्रमाण समजते आणि त्याप्रमाणे फवारा व ठिणगीची वेळ बदलली जाते.

आणि आपली स्कूटर?

आपल्याकडे इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग २००१ साली झाले. तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातील, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशातील आंवला. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ साली देशाची सरासरी १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर गेली.

ई-२० च्या एका लिटरमध्ये ऊर्जा किती? ०.२ गुणिले २१ अधिक ०.८ गुणिले ३२, म्हणजे २९.८ मेगॅज्यूल. शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के कमी. तेव्हा मागच्या बाकावरची तक्रार खोटी नाही. ऑक्टेन क्रमांक वाढल्याचा फायदा जास्त संपीडनाच्या, त्यासाठीच जुळवलेल्या एंजिनाला मिळतो आणि तोटा अंशतः भरून निघतो. जुन्या कार्बुरेटरच्या स्कूटरचे संपीडन मात्र कारखान्यात ठरले ते ठरले. तिच्या वाट्याला उणे बाजू येते, अधिक बाजू येत नाही. 'इथेनॉल चांगले की वाईट' या वादात हाच मुद्दा हरवतो. इंधन आणि एंजिन ही जोडी आहे. एकाचे गुण दुसऱ्यावाचून सांगता येत नाहीत.

तुम्ही सोडवा

१. ई-१० च्या एका लिटरमध्ये किती मेगॅज्यूल ऊर्जा असेल? पेट्रोलपेक्षा ती किती टक्के कमी?

२. मेथॅनॉलचा रेणुभार ३२ असून त्याच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात. एक किलोग्रॅम मेथॅनॉलला किती हवा लागेल?

३. बोटाच्या एका पेरावर पाण्याचा व दुसऱ्यावर हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचा थेंब ठेवा. कोणते पेर आधी गार वाटते? एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास इथेनॉलपेक्षा जास्त उष्णता लागते, तरीही असे का होते याचा विचार करा. (पेट्रोल घेऊन कोणताही प्रयोग करू नका.)

उत्तरे: (१) ३०.९ मेगॅज्यूल, सुमारे ३.५ टक्के कमी. (२) सुमारे ६.५ किलोग्रॅम. तिसऱ्याचे उत्तर तुमच्या शिक्षकांशी चर्चा करून लिहा. 'ऊर्जा' आणि 'शक्ती' यांतील जो फरक आपण वर पाहिला, तो तेथेही उपयोगी पडेल.