लंडनच्या बागेतील पोपट

पेरूच्या झाडावर कर्कश ओरडत उतरणारा हिरवा पोपट तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. लाल बाकदार चोच, लांब शेपूट आणि नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ. याच जातीचे पोपट आज लंडनच्या बागांतून हजारोंच्या संख्येने राहतात! ते तेथले मूळ रहिवासी नव्हेत. पाळण्यासाठी नेलेल्यांपैकी काही निसटले, काही सोडून दिले गेले. १९६९ पासून ते इंग्लंडमध्ये मोकळ्यावर वीण करीत आहेत.

तेथील थंडी त्यांना कशी सोसते? जनुकीय तपासणीवरून असे दिसते की, युरोपातील बहुतेक पोपटांचे पूर्वज पाकिस्तान व उत्तर भारत या भागातले. तेथेही हिवाळा कडक असतो. शिवाय लहान शरीरातून उष्णता भराभर निघून जाते. ती भरून काढण्यास भरपूर अन्न लागते. लंडनमधील लोक पक्ष्यांसाठी जाळीच्या नळीत शेंगदाणे भरून बागेत टांगतात. पोपटांची आयतीच सोय झाली.

पण त्याच दाण्यांवर तेथील चिमुकले टिट पक्षीही येतात. पोपटांमुळे त्यांचा घास हिरावला जातो काय? ‘पोपट आला आणि टिट उडाला’ एवढे पाहून उत्तर देता येणार नाही. दुसरा एखादा मोठा पक्षी आला असता, तरी टिट उडालाच असता!

म्हणून शास्त्रज्ञांनी तुलना केली. त्यांनी दाण्यांजवळ कधी पिंजऱ्यातील पोपट ठेवला, तर कधी तेथलाच सुतार पक्षी. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोपट असताना इतर पक्षी कमी खात आणि सावधपणे इकडेतिकडे अधिक पाहत. मात्र जेथे पोपटांची वस्ती आधीपासून होती, तेथील पक्षी पोपटासमोरही खाण्याचे धाडस अधिक करीत. म्हणजे थोडीफार सवय होते.

आता तुम्ही करून पाहा. पोपट व बुलबुल दोन्ही येतात असे उंबराचे झाड निवडा. वहीत तीन रकाने आखा : पोपट असताना, कावळा किंवा कोकीळ असताना आणि मोठा पक्षी कोणीच नसताना. रोज सकाळी ठराविक वेळी, घड्याळ लावून, १०-१० मिनिटांत किती बुलबुल फळे खातात ते मोजा. निदान दहा दिवस नोंदी घ्या. आपल्याकडे पोपट व बुलबुल यांचा शेजार फार जुना आहे. तेव्हा तुमचे उत्तर लंडनपेक्षा वेगळे येईल काय?

पोपट पिंजऱ्यात ठेवून मात्र प्रयोग करू नका. आपल्या देशात तो पकडणे व पाळणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि एक लक्षात ठेवा : दुसरा व तिसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्या रकान्यावरून पोपटाला दोषी ठरवू नका.